पन्नास अब्जांश

डोमाजी आणि पंचफुला, जुळे.
तो अर्ध्या तासाने मोठा,
हे तिने आजवर मान्य केलेलं नाही.

तो एकतीस वर्षं छोट्या गाडीचा गार्ड,
मूर्तिजापूर ते यवतमाळ, यवतमाळ ते मूर्तिजापूर.
ती तेवढीच वर्षं दारव्ह्याच्या अलीकडे,
रुळापासून हाकेच्या अंतरावर,
ज्वारी दळत बसलेली. चक्कीचा पट्टा फिरे,
ती जागची हलत नसे.

तो माझा बाप. ती आत्या.

नववीला मी सांगत होते पुस्तकात नसलेलं:
जुळ्यांतला एक निघाला दूरच्या ताऱ्याकडे
प्रकाशाच्या जवळपासच्या वेगाने,
परतला तेव्हा त्याची दाढी काळीभोर,
आणि घरी राहिलेल्याच्या तोंडात दात नव्हते.
मागच्या बाकावरून तन्वेश मडावी उठला,
"मॅडम, तुमच्या बाबाचं अन् आत्याचं काढून पाहा ना."
वर्ग हसला. मीही.

रात्री मात्र काढलंच.
वेग ताशी वीस.
(उताराला जास्त; पण चढावर पोरं उतरून
सीताफळं तोडून पुन्हा चढायची,
म्हणून सरासरी.)
रोजचे आठ तास. रजा वजा.
भागिले प्रकाशाच्या वेगाचा वर्ग, त्याची दुप्पट.
शून्यं मांडता मांडता वहीची ओळ संपली.

उत्तर असं:
एका सेकंदाचे अब्ज तुकडे करा,
त्यातले पन्नास, थोडे इकडेतिकडे.
बाबा आत्याहून इतके कमी जगले,
म्हणजे इतके तरुण उरले.

बाबांनी चष्मा पुसत ऐकून घेतलं.
"पेन्शनीत धरले का ते?"
आत्या म्हणाली, "म्हंजे अर्ध्या तासातून तेवढे कटले.
लिहून ठेव. गाडी अजून चालली असती त..."
आणि गप्प झाली.
रुळांमधून आता बाभळी उभ्या आहेत,
एकीवर सुगरणीचा खोपा.

खरं तर आमच्याकडे उलटंच दिसतं.
जो जात राहिला त्याच्या छातीत
वाफेच्या इंजिनाचा धूर अजून घरघरतो.
जी थांबली तिचे केस पांढरे,
पण ते पीठ आहे.
झटकलं की खाली काळे.

वैशाखात आम्ही अंगणात बाजा टाकतो.
त्या रात्री मी म्हटलं, आत्या,
वर पंधरा किलोमीटरवर एक कण जन्मतो.
म्यूऑन.
सेकंदाचे दहा लाख भाग केले
तर त्यातले दोन, एवढंच त्याचं आयुष्य.
तेवढ्यात तो कितीही पळाला तरी जाईल
आपल्या फाटकापासून जुन्या सिग्नलपर्यंत.
आभाळातच मरायला हवा.
पण पोचतो, इथवर.
इतक्या वेगात त्याचा क्षण ताणला जातो,
आपल्या घड्याळात.
त्याला विचारशील तर म्हणेल, क्षण होता तेवढाच होता,
तुमचं आभाळच ठेंगणं निघालं.

तिने तळहात उताणा केला.
"आत्ता गेला का?"
"गेला. सेकंदाला एखादा जातोच."
"काई लागलं नाई मले."
"नाहीच लागत."
"कोठी जाते मंग?"
"जमिनीत."
"अन् त्याचं जुळं?"

हे मला माहीत नव्हतं.
असं काही नसतं, हे सांगायचं राहिलं.

बाबा झोपले होते, श्वास
चढावर अडलेल्या गाडीसारखा.
आत्या उठली, बाजेच्या कडेला टेकली,
आणि तोच हात त्यांच्या छातीवर ठेवला, उताणा,
म्हणजे तिच्यातून जाईल ते
त्याच्यातूनही जावं.

"एक," ती म्हणाली.
मग बराच वेळ काहीच नाही.
"काऊन थांबली?"
"मोजून राहिली न मी," ती म्हणाली, "थांब."